ज्याने सांडलं त्याने सांगायचं

त्यांना सगळे चुळबुळबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने. एका जागी बूड टेकवून बसलेल्या त्या कुणाला दिसल्याच नव्हत्या. बसमध्ये जागा मिळाली तरी दोन थांबे गेले की उठून दाराशी. घरात चहाचा कप हातात घेऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी. नवरा शिंपी, त्याचा सगळा जन्म एका स्टुलावर गेलेला. तो म्हणायचा, "आमच्या घरात बसायचं काम माझ्याकडे आणि फिरायचं हिच्याकडे. वाटणी सरळ आहे." अशा बाईला सत्तावीस वर्षं तीन-चार वर्षांच्या पोरांच्या वर्गावर ठेवलं होतं, हे शाळेचं शहाणपण की नुसतं नशीब, कोण जाणे. त्या वयाच्या मुलांनाही बसता येत नाही. त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं.

वर्ग तळमजल्यावर, अगदी शेवटच्या खोलीत. आत एक नळ, एक रुंद खिडकी आणि मुलांच्या कमरेइतकं उंच फडताळ. फडताळात झाकणं वेगळी करून ठेवलेल्या तीस-पस्तीस बाटल्या आणि बरण्या, ज्याचं त्याचं झाकण शोधून फिरवून बसवायचं. शिंप्याच्या दुकानातून आलेली बटणं, रंगांप्रमाणे वाट्यांत निवडायला. पत्र्याच्या बारा डब्या, कुणात वाळू, कुणात बटणं, कुणात वाटाणे. त्या कानाशी हलवायच्या आणि सारख्या आवाजाची जोडी लावायची. आणि सगळ्यांत आवडता खेळ म्हणजे पाण्याचे दोन छोटे जग. या जगातलं पाणी त्या जगात ओतायचं, त्यातलं परत यात. एवढंच. पण त्यासाठी रोज भांडणं होत.

"आधी मनगट, मग पेन्सिल," चुळबुळबाई म्हणत. झाकण फिरवून, बटण चिमटीत धरून, जग उचलून मनगटात जोर आला की अक्षर आपल्या पायांनी चालत येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. सत्तावीस वर्षांत ते कधी खोटं ठरलेलं नव्हतं.

पाणी म्हटलं की सांडणार. त्यासाठी नळाशेजारी वीस खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक फडकं. मुलांना वाचता येत नाही म्हणून शिंप्याने प्रत्येक फडक्यावर एकेक खूण शिवून दिली होती. कुणाची छत्री, कुणाची किल्ली, कुणाचा मासा. तीच खूण मुलाच्या पिशवीवर, तीच वहीवर. एकोणीस मुलांची एकोणीस फडकी. विसावं बाईंचं. त्यावर शिंप्याने मुद्दाम भिंगरी शिवली होती. ते फडकं कधी भिजलं नव्हतं, कारण बाईंच्या हातून कधी सांडत नसे.

वर्गाचा नियम एकच. ज्याने सांडलं त्याने सांगायचं. रागावायचं कुणी नाही. त्याने सांगितलं की सगळ्यांनी आपापली फडकी आणून पुसायचं, आणि मग त्यानेच पुन्हा ओतायचं.

आता हे सगळं आयांना कसं कळावं? दोन गल्ल्या पलीकडे काचेच्या दारांची नवी शाळा निघाली होती. तिथली तीन वर्षांची मुलं म्हणे शंभरपर्यंत आकडे लिहीत. इकडच्या वह्या मात्र शाळा उघडली त्या दिवशी वाटल्या होत्या, तशाच्या तशा मातीकामाच्या खोक्याखाली पडलेल्या. पी हळद आणि हो गोरी, असल्या घाईचा जमाना. त्यात छत्रीवाल्या मुलीच्या आईने पुढाकार घेतला.

ही छत्रीवाली म्हणजे वर्गाची आजीबाई. वय चार, बोलणं चौऱ्याहत्तरचं. स्वतःपेक्षा महिनाभराने लहान असलेल्या किल्लीवाल्याकडे बघून ती सुस्कारा सोडायची, "हल्लीच्या मुलांना काही म्हणायची सोय नाही हो बाई." तिची आई औषधांच्या दुकानात काम करी. दिवसभर उभं राहून डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिला चांगल्या अक्षराचं भलतंच महत्त्व वाटे. तशी ती वाईट नव्हती. आपण काउंटरमागे राहिलो, पोरीने राहू नये, एवढंच तिच्या मनात. मुलांच्या वह्या दाखवा, अशा अर्जावर तिने अकरा पालकांच्या सह्या गोळा केल्या.

सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून घेतलं. "शनिवारी पालक वह्या बघायला येणार आहेत. कोऱ्या असल्या तर माझा नाइलाज आहे. पुढच्या सोमवारपासून वर्ग नव्या बाईंकडे जाईल. तुम्ही कार्यालयात बसा."

बसा! चुळबुळबाई तिथून निघाल्या त्या शाळेला दोन फेऱ्या मारूनच वर्गात शिरल्या. वर्ग गेला तर आपण या दोन पायांचं करायचं काय, हे त्यांना खरंच सुचेना.

मंगळवारी त्यांनी मनावर दगड ठेवून पेन्सिली वाटल्या. किल्लीवाल्याने दोन रेघा मारल्या आणि टोक मोडलं. माशावालीने मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत पेन्सिल चघळली. आजीबाईने पेन्सिल मुठीत धरून इतका जोर लावला की पान फाटलं, आणि कधी न रडणारी ती पोरगी टेबलाखाली जाऊन बसली. "मला येत नाही, बाई," आतून आवाज आला. "आम्ही म्हातारी माणसं." बाईंनी पेन्सिली गोळा केल्या, ती पानं फाडून टाकली आणि जग काढले.

आणि त्याच दुपारी त्यांनी ते केलं, जे सत्तावीस वर्षं मुलांना ओळखणाऱ्या बाईलाच सुचू शकतं आणि जमूही शकतं. एकोणीस वह्या पिशवीत घालून त्या नवऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत गेल्या आणि कापड बेतायच्या टेबलावर, डाव्या हाताने, मुलांच्या वह्या लिहायला लागल्या.

पहिली वही साफ फसली. हात थरथरत होता, पण ती थरथर मोठ्या माणसाची होती. मग त्यांनी डोळे मिटून एकेक मूल समोर आणलं. किल्लीवाला झाकण फिरवताना अख्खा खांदा लावतो, म्हणजे त्याची रेघ मागच्या पानावर उमटणार. माशावाली प्रत्येक काम अर्ध्यावर सोडून बाहेर बघते, म्हणजे तिचे अर्धगोल खरोखरच अर्धे. आजीबाई जग धरते तो डावीकडे कलता. तिच्या उभ्या रेघा उभ्या राहणार नाहीत, डावीकडे झुकतील, पण एकही सुटणार नाही. असं एकदा सुचल्यावर हात चालू लागला. आडव्या रेघा, तिरप्या रेघा, मग पहिली दोन-चार अक्षरं. खोटं तर खोटं, पण काय जिवंत उतरलं होतं!

संध्याकाळी शिंपी सुई शोधत आत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"अगं, तू बसली आहेस!"

तीन तास झाले होते. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने हे पाहिलं नव्हतं. तो घाबरलाच. "बरं नाही का? काय करतेस?"

"गृहपाठ."

"कुणाचा?"

"एकोणीस जणांचा."

त्याने एक वही उचलून चाळली. दुसरी चाळली. मग दोन्ही होत्या तशा ठेवल्या. "कापड कमी पडलं तर गिऱ्हाइकाला तसं सांगावं," तो म्हणाला. "आतून ठिगळ मारून वर इस्त्री फिरवली, की पहिल्या धुण्यात कळतं."

"तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला उठवून दुसरीकडे बसवत नाही!" त्या कडाडल्या. तो सुई घेऊन निघून गेला. त्याचं बरोबर होतं म्हणून तर त्यांना राग आला होता.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. वह्या भरत गेल्या आणि इकडे बाईंच्या जिवाची घालमेल वाढत गेली. वर्गात कुणी नुसतं "बाई" म्हटलं तरी त्या दचकत. आजीबाईने शुक्रवारी निरखून विचारलं, "बाई, तुमचं पोट दुखतंय का? डबा नाही खाल्लात." त्यांना तिच्या डोळ्यांत बघवेना. त्या वळल्या आणि मुलांनी झाकून ठेवलेल्या बरण्या पुन्हा झाकू लागल्या.

शनिवारी पालक आले आणि मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे कानाला लावून बसले. मुलं त्यांच्या मांडीला चिकटलेली. मोठ्या बाई दाराशी उभ्या. वह्या वाटल्या गेल्या आणि खोलीत एकदम आनंदीआनंद झाला. किल्लीवाल्याचे वडील मागच्या पानावरून बोट फिरवत म्हणाले, "बघा, काय जोर आहे पोराच्या हातात!" माशावालीची आई हसत होती, "अगदी हिच्यासारखंच, सगळं अर्धवट!" मोठ्या बाईंनी लांबूनच मान डोलावली. झालं. वर्ग वाचला होता. चुळबुळबाईंना मात्र खुशाल बसताही येईना आणि उभंही राहवेना.

"किती छान काढलंस गं!" छत्रीवालीची आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. आजीबाईने वही जवळ ओढली. एक पान बघितलं, दुसरं बघितलं.

"हे माझं नाही."

"अगं वेडाबाई, तुझंच आहे. वर छत्री आहे की."

"छत्री माझी आहे," आजीबाई समजुतीने म्हणाली. "आतलं माझं नाही."

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. आईला ते हसू लागलं. "खोटं बोलू नये. सगळे बघताहेत. बाई, हिनेच काढलंय ना हे?"

सगळी खोली बाईंकडे वळली.

"हो," चुळबुळबाई म्हणाल्या. "तिनेच काढलंय."

आजीबाई रडली नाही. तिने वाद घातला नाही. बाई सांगताहेत म्हणजे खरंच असणार. तिने आपला उजवा हात उलटा केला, सुलटा केला, आणि त्याच्याकडे बघत हळूच विचारलं, "मी काढलं?"

बाईंना त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. वर्ग गेला तर जाऊ दे, पण चार वर्षांच्या मुलीला तिच्याच हातावर शंका घ्यायला लावली होती त्यांनी. त्या खोली ओलांडून नळाकडे गेल्या. विसाव्या खुंटीवरून भिंगरीचं फडकं काढलं आणि परत येऊन मधोमध गुडघ्यांवर बसल्या.

मग किल्लीवाला आनंदाने किंचाळला, "बाईंनी सांडलं!"

"बाईंनी सांडलं! बाईंनी सांडलं!" मांड्यांवरून मुलं उड्या मारून उतरली, खुंट्यांपाशी धक्काबुक्की झाली, आणि एकोणीस फडकी घेऊन सगळी फौज बाईंभोवती फरशी पुसू लागली. पालक बावचळून पाय वर घेत होते. फरशी कोरडी ठणठणीत.

"पण कुठे सांडलंय?" आजीबाईने विचारलं.

"या वह्यांत," बाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू गेलं. "तू बरोबर सांगितलंस. हे तुझं नाही. एकाही वहीत तुमचं कुणाचं काही नाही. सगळं मी लिहिलंय, डाव्या हाताने. आणि आत्ता मी खोटं बोलले."

मग जे व्हायचं ते झालं. किल्लीवाल्याच्या वडिलांनी वही टेबलावर आपटली. कुणी म्हणालं, ही तर फसवणूक आहे. कुणी मोठ्या बाईंना घेरलं. छत्रीवालीची आई मात्र जागची हलली नव्हती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"वहीचं सोडा," ती म्हणाली. "तुमच्यामुळे मी माझ्या पोरीला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं."

बाईंनी मान खाली घातली.

आजीबाईने आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या छत्रीच्या फडक्याकडे. थोडा विचार केला आणि ते आईपुढे धरलं. "मग घे. तू पण पूस."

दुकानाचा कडक इस्त्रीचा पोशाख घातलेली ती बाई खुर्चीवरून उठली. मग खाली बसली. "चुकलं माझं," पोरीला एवढंच म्हणाली आणि पुसायला लागली. दोघी बायका शेजारी शेजारी गुडघ्यांवर, कोरडी फरशी पुसत होत्या. एकमेकींकडे बघत नव्हत्या.

सोमवारी चुळबुळबाई फडताळाची किल्ली घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. सहा मुलं काचेच्या दारांच्या शाळेत गेली होती. मोठ्या बाईंनी किल्लीला हात लावला नाही. "माझ्या नोकरीतला सगळ्यांत वाईट शनिवार होता तो," त्या म्हणाल्या. "दोन महिने देते. मुलांना काय येतं ते दाखवा. वहीत नाही, माझ्या समोर. नाहीतर मग कार्यालय." बाईंनी मान हलवली. आपल्याला माफी मिळालेली नाही, फक्त पुन्हा जग हातात मिळाला आहे, हे त्यांना कळलं.

फाटकाशी छत्रीवालीची आई पोरीचा हात धरून उभी होती. बाईंना वाटलं, आता दाखला मागणार.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली. "पण हिला इथेच यायचंय. मग मी येत्या शनिवारी मागे येऊन बसणार. बघते तरी, वहीशिवाय तुम्ही काय शिकवता ते."

"या की," चुळबुळबाई म्हणाल्या, आणि पोरीचा हात धरून चालूही लागल्या. चार पावलांवर त्यांनी मागे वळून सांगितलं, "पण बसायचं तेवढं जमणार नाही. आणि येताना आपलं फडकं घेऊन या."