आख्खी खसखस

डॉक्टर खांबेटे रोग्याच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या लघवीकडे बघत. बाटली उजेडात धरायची, हलवायची आणि मग सरळ नाकाशी न्यायची. रोगी लाजेने अर्धा होई. कोणी कुरकुरला की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "लाज घरी ठेवून ये, लघवी घेऊन ये." पुण्याकडून आमच्या वऱ्हाडात येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण कोणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. गाव त्यांना कसाई म्हणे. मी त्यांचा कंपाउंडर. माझ्याबद्दल मात्र गाव चांगलं बोले, कारण कसायाने रडवलेल्यांना बाकावर बसवून पाणी द्यायचं काम माझं होतं.

त्यांच्या हाताला गुण होता हे शत्रूही कबूल करत. धनज गावची एक बाई आली होती. तिचं आतडं मूत्राशयाला चिकटून मध्ये भोक पडलेलं, पोटातली घाण लघवीच्या वाटेने येई. सासरच्यांनी तिला गोठ्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी तीन खेपांत काम केलं. आधी आतडं पोटाच्या डाव्या अंगाला बाहेर काढून घाणीची वाट वळवली. मग चिकटलेलं सोडवून दोन्हीकडची भोकं वेगवेगळी शिवली. सगळं भरून आल्यावर आतडं पुन्हा आत घातलं. बाई चालत घरी जायला निघाली, पाया पडायला वाकली, तर हे म्हणतात, "पाय सोड. टाके उसवलेस तर परत शिवणार नाही."

महादू माळ्याचा मळा गावालगतच होता. त्याची वांगी आणि बायको सरूबाईची मेथी बाजारात आधी खपायची. एका बाजाराच्या दिवशी दोघं दवाखान्यात आली. महादू म्हणाला, "पोट दुखते जी."

डॉक्टरांनी बाटली हुंगली. "पोटाचं मागाहून. लघवीतून काय येतं ते सांग. मोठ्याने."

व्हरांडा माणसांनी भरलेला. महादूने मान खाली घातली. "वारा सरते जी लगवीतून. अन् घान येते."

ओळीतली माणसं सरकून बसली. पुढच्या बाजारी सरूबाईच्या टोपलीला कोणी हात लावला नाही. "काहून सांगाले लावलं चारचौघात?" नवऱ्याला पुन्हा दवाखान्यात घेऊन आली तेव्हा ती मला रडत म्हणाली. "आता हा बरा होऊन बाजारात बसला तरच लोक घेतीन. नाई तं मळा मोडला आमचा." ती हे बोलली तेव्हा मला डॉक्टरांचा खरोखर संताप आला होता.

डॉक्टरांना पुरावा हवा होता. "लघवीत हवा जंतूंनीही होते," ते मला म्हणाले. "दाणा जंतू बनवत नाहीत. खसखस खायला घाल, दुसऱ्या दिवशीची लघवी कापडातून गाळ. दाणा सापडला तर भोक आहे. आख्खी दे म्हणावं. दाणा फुटता कामा नये."

मी पुडी घेऊन बाहेर आलो. सरूबाई पदराने डोळे पुसत होती. तिला आणखी दरडावावं असं वाटेना. मी मायेने म्हणालो, "बाई, ही खसखस त्याला रात्रीच्या जेवणात खायला घाल. त्याचं पोट नाजूक झालंय, जरा जपून दे." एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मांजरपाटाच्या फडक्यावर एकही दाणा निघाला नाही. "भोक नाही," डॉक्टर म्हणाले आणि औषधाची बाटली देऊन महादूला घालवून दिलं.

दोन महिन्यांनी त्याला बैलगाडीत निजवून आणला. अंगात ताप, बरगड्या मोजून घ्याव्यात. या वेळी बाटली नाकाशी न्यायची गरजच नव्हती. डॉक्टरांनी सरूबाईला विचारलं, "खसखस कशी दिली होतीस?"

"पाट्यावर मऊ वाटून देल्ली ना जी. गुळात कालवून. आखी खसखस कोन खाते?"

खरंच, आमच्याकडे कोणाच्या घरात आख्खी खसखस पोटात जाते? दिवाळीच्या अनारशांवरची सोडली तर पाट्याखेरीज तिला दुसरी वाट नाही.

डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर गरजले, "खसखस नाही, नवऱ्याला वाटलंस तू पाट्यावर!" मग माझ्याकडे वळले. "तू सांगितलं होतंस ना आख्खी द्यायला?"

"हो साहेब," मी म्हणालो.

सरूबाईने माझ्याकडे पाहिलं. तिलाच वाटलं असावं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि हात धुवायला गेले.

त्याच दुपारी त्यांनी आतडं बाहेर काढलं. दुसऱ्या खेपेची पाळी आलीच नाही. चौथ्या दिवशी महादू गेला. सरूबाई दवाखान्याच्या पायरीवर थुंकली आणि म्हणाली, "कसाया, तुले पानी भेटू नये मरताना." डॉक्टरांनी ऐकलं आणि पुढच्या रोग्याची बाटली उचलली. त्यानंतर खसखस ते स्वतःच्या हाताने रोग्याच्या तोंडात घालत आणि पाण्याबरोबर गिळायला लावत. ते काम मला पुन्हा कधी सांगितलं नाही.

त्यांची नोकरी संपली तेव्हा मोटार स्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो. ट्रंक वर चढवून झाल्यावर ते म्हणाले, "त्या माळणीला तू सांगितलं नव्हतंस."

"तुम्हाला कधी कळलं साहेब?"

"तू हो म्हणालास तेव्हाच. बाटली हुंगून रोग कळतो मला, समोरचं खोटं कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर चार शिव्या खाऊन तू सुटला असतास," डॉक्टर म्हणाले आणि मोटारीत चढले.

सरूबाईचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. तिला म्हटलेले शब्द त्यांनी परत घेतले नाहीत, आणि मीही तिला कधी खरं सांगितलं नाही. ती आता रस्त्याच्या कडेला, बाजारापासून दूर बसू लागली होती. स्टँडवरून परतताना तिने मला हाक मारली.

"गेला का कसाई?"

"गेला."

"बरं झालं. तुमी होते म्हनून त्या चार दिवसांत मले कोनी पानी तरी पाजलं, दादा." तिने मेथीची मोठी जुडी माझ्यापुढे धरली. "घ्या. वयनीले द्या."

मी जुडी घेतली.