जुन्या शेडमधली तिघं

डिचोलीच्या जुन्या बसस्टँडमागे पत्र्याची एक लांब शेड होती. पूर्वी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेले लोक तिथे आपलं सामान ठेवायचे. मी शाळेत मास्तरीण म्हणून लागले तोवर अर्धे पत्रे उडून गेले होते आणि उरलेल्या अर्ध्यांखाली तीन माणसं राहत होती. एक म्हातारा, एक तरुण बाई आणि बोटं झडलेला एक माणूस. माझी शाळा तिथून पाच मिनिटांवर. पहिलं वर्षभर मी त्या शेडसमोरून रोज दोनदा गेले, पण त्या तिघांचे चेहरे मला सांगता आले नसते. जाणूनबुजून टाळत होते असं नाही. नजर आपोआप पलीकडच्या हॉटेलाकडे जायची, एवढंच.

एक दिवस तो म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा दिसला. सुर्ल्याकडून खनिजाने भरलेले ट्रक एकामागून एक येत होते, कर्कश हॉर्न वाजवत होते, आणि हा प्रत्येक ट्रकच्या काचेतून आत डोकावून बघत होता. मी त्याचा दंड धरून त्याला कडेला ओढलं.

"कुणाला शोधताय, आजोबा?"

"पोरगं यायचं हाय," तो म्हणाला. "लोडिंगला गेलंय."

तेवढ्यात डोक्यावर पाण्याची घागर घेतलेली ती बाई धावत आली. घागर खाली ठेवून तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. "चला मामा. आज त्याला सुट्टी न्हाई. उद्या येणार हाय." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "असंच सांगाय लागतंय बाई. खरं सांगितलं की जेवत न्हाईत."

खरं काय ते तिने पुढच्या काही दिवसांत थोडं थोडं सांगितलं. ती बेळगाव जिल्ह्यातल्या एका गावची. म्हातारा तिचा सासरा. नवरा सुर्ल्याच्या बाजूला खाणीवर माल भरायच्या कामाला होता. रिव्हर्स येणाऱ्या ट्रकखाली सापडून गेला. दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने राहती खोली रिकामी करायला सांगितली. गावाकडे जमीन नव्हती, घर पडलेलं. म्हाताऱ्याचं डोकं तेव्हापासूनच फिरलं.

"तू माहेरी का नाही गेलीस?" मी विचारलं.

"एकटीला ये म्हणत्यात," ती म्हणाली. "मामांना कुटं टाकू?"

तिसरा माणूस कोल्हापूरकडचा गवंडी. महारोगाने त्याच्या दोन्ही हातांची बोटं गेली होती. रोग बरा होऊन बरीच वर्षं झाली होती, डॉक्टरचा कागद तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचा. पण तो कागद बघायला कोणी जवळच येत नसे. घरच्यांनीही नाही. त्याला पाव धरता येत नसे. ती बाई पाव मोडून चहात बुडवून त्याच्या तोंडात घालायची, आपल्या भावाला घालावा तसा. आणि ती पाणी भरायला, हॉटेलांच्या दारातलं झाडून काढायला निघाली की तो आपल्या टॉवेलचं एक टोक स्वतःच्या मनगटाला आणि दुसरं म्हाताऱ्याच्या मनगटाला तिच्याकडून बांधून घ्यायचा. म्हातारा उठून रस्त्याकडे निघाला की याचा हात ओढला जायचा. मग दोघं तसेच शेडमध्ये फेऱ्या मारायचे आणि गवंडी त्याला, कुठल्या घराची भिंत कशी बांधली, ते सांगत राहायचा.

स्टँडच्या तोंडाशी मासळी घेऊन बसणारी एक म्हातारी होती. तिला मी मावशी म्हणायचे. उरलेसुरले दोन-तीन बांगडे ती रोज शेडमध्ये देऊन मगच घरी जायची. तिच्याबरोबर हळूहळू मीही शेडमध्ये जाऊ लागले.

मग गोव्याच्या राजभाषेच्या वादाचे ते दिवस आले. मराठी की कोकणी, यावरून घराघरांत माणसं भांडत होती. माझे बाबा मराठी शाळेचे निवृत्त मास्तर. आमच्या पडवीत रोज बैठका चालायच्या, पत्रकं लिहिली जायची. एकदा बंद सुरू झाला तो संपेचना. शाळा बंद, बाजार बंद, बस बंद. रस्त्यांवर झाडं पाडून टाकलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या मागल्या दारी आली, डोक्यावर पाटी नव्हती.

"बाये, हॉटेलां बंद," ती म्हणाली. "शेडीतलीं तीं तीन दीस कितें खाता आसतलीं?"

मला बसल्या जागी लाज वाटली. आमच्या घरात तांदूळ होते, नारळ होते, परसात अळू होतं. बंद म्हणजे आम्हाला सुट्टीच होती. हॉटेलात उरलेल्यावर जे जगतात त्यांचं काय, हे त्या पडवीत दोन्ही भाषांबद्दल तासन्‌तास बोलणाऱ्या कोणालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही.

मी मोठं भांडं शोधू लागले तेव्हा पडवीत बसलेल्या एकाने विचारलं, "कोणाला एवढी पेज?" मी सांगितलं. तो म्हणाला, "ते घाटी? त्यांचं काय एवढं!"

बाबा हातातला कागद खाली ठेवून उठले, माळ्यावर चढले आणि श्राद्धपक्षाला काढायची तांब्याची तपेली घेऊन खाली आले. "हिच्यात कर," म्हणाले. "चौघापाचांना पुरेल."

त्या दिवसापासून मी आणि मावशी रोज दुपारी पेज आणि खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या कोवळ्या कैऱ्या, घेऊन शेडमध्ये जाऊ लागलो. ती बाई आधी सासऱ्याला वाढायची, मग गवंड्याला भरवायची. "तू घे ना," म्हटलं की म्हणायची, "मी मागनं खाते." चार दिवस मी ते खरं मानलं.

पाचव्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा गवंडी शेडच्या बाहेर उभा होता. "बाई, ही खाईतच न्हाई," तो म्हणाला. "दोन दिस झालं. तुमच्याम्होरं नुस्ती बसल्याली असती. अंगाला हात लावून बघा. माझ्या हातास्नी काय कळत न्हाई."

मी हात लावला आणि दचकून मागे घेतला, इतकं अंग तापलं होतं. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, म्हापशाला इस्पितळात न्या, आजच्या आज. कसं न्यायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मावशीने बाजारातून हातगाडी आणली. गाडीवर गोधडी टाकून तिला निजवलं. बाबा पुढून ओढत होते, मी आणि मावशी मागून ढकलत होतो. गवंडी म्हाताऱ्याजवळ थांबला. बाबांचं वय तेव्हा बासष्ट. चढावावर त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, थांबूया, ते म्हणाले, "ढकल."

गावाबाहेर रस्त्यावर आंब्याचं एक झाड आडवं पाडलं होतं. भोवती दहा-बारा तरुण, हातात कोयते. ते कोणत्या बाजूचे होते, असं कोणी विचारलं तर आठवत नाही म्हणते. आठवतं मला. पण त्यांच्यातला एक पुढे आला, गोधडीवरचं तोंड बघितलं आणि मागे वळून नुसता ओरडला, "धरा रे!" त्यांनी गाडी तिच्यासकट उचलून झाडावरून पलीकडे नेली. एकजण शेजारच्या वाडीत धावत गेला आणि कोणाची तरी जीप घेऊन आला. बाबांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

इस्पितळात ती दोन दिवस होती. कावीळ फार पुढे गेली होती, आणि अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला थोडी शुद्ध आली.

"मामा जेवले काय?" तिने विचारलं.

"जेवले," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

"त्यो गवंडी लाजतोय मागायला. त्याला भरवाय लागतंय. तुमी भरवशीला?"

"भरवीन."

"आन्‌ मामांना सांगू नगा," ती म्हणाली. "म्हणावं, माहेराला गेलीया."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. वय पंचवीस-सव्वीस असेल. माझ्याएवढंच. म्हापशालाच तिला अग्नी दिला, बाबांनी. तिच्या माहेरचा पत्ता आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता.

परत येऊन आम्ही शेडमध्ये गेलो. मी सांगितल्याप्रमाणे म्हटलं, "आजोबा, ती माहेरी गेली आहे." म्हाताऱ्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लेकाच्या बाबतीत जो कधी शुद्धीवर आला नाही, तो त्या क्षणी पूर्ण शुद्धीवर होता. "मला सोडून?" तो म्हणाला. "ती न्हाई जायची." आणि तो लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून रडू लागला. गवंड्याने आपले ते आखूड हात त्याच्या गळ्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, "म्हाताऱ्याला घरी आणूया. पडवीच्या कोपऱ्यात राहील." मला इतका आनंद झाला की मी तशीच धावत शेडकडे गेले. बाबा मागून आले. म्हातारा उठला, आपलं बोचकं घेतलं, आणि टॉवेलने बांधलेल्या गवंड्याच्या हाताकडे बोट करून म्हणाला, "ह्यो बी येतोय न्हवं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी गवंड्याच्या हातांकडे बघितलं. डॉक्टरचा कागद मी स्वतः वाचला होता. रोग गेलेला आहे, हे मला ठाऊक होतं. वर्गात मुलांना मी तेच शिकवत असे. आदल्याच दिवशी त्याला स्वतःच्या हाताने पेज भरवली होती. तरी घरातली विहीर, भांडी, शेजारपाजार, माझं ठरत आलेलं लग्न, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं, आणि मी म्हटलं, "बघू."

गवंड्याला कळलं. त्याने म्हाताऱ्याला खाली बसवलं. "बाई, तुमी जावा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आमचं चाललंय हितं."

बाबा त्यानंतर या विषयावर माझ्याशी कधीच बोलले नाहीत. त्यांच्याही मनात तेच आलं होतं की ते माझ्या तोंडून होकाराची वाट बघत होते, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

बंद संपला. मी शाळा सुटली की जाऊन गवंड्याला भरवत असे. तेवढा शब्द पाळला. पुढे गोवा घटक राज्य झालं, शाळेत मुलांना पेढे वाटले. माझं लग्न झालं आणि बदली वाळपईला झाली. तिथून डिचोलीला येणं सुट्टीतच व्हायचं. अशाच एका सुट्टीत आले तर शेडच्या जागी मोकळी जमीन होती आणि तिच्यावर चिऱ्यांची रास. नवं बांधकाम सुरू होणार होतं.

"गेलीं तीं," मावशी म्हणाली. "मागीर कोणें तरी वास्कोच्या स्टेशनार पळयलीं म्हण सांगलें."

कोणी तरी तिथे पाहिलं होतं, एवढ्याच खुणेवर मी वास्कोला गेले. पहिल्यांदा कोणी भेटलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. नवऱ्याने विचारलं, कोण लागतात तुझे? तिसऱ्या खेपेस स्टेशनबाहेर, हमाल बसतात त्याच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत गवंडी दिसला. एकटा नव्हता. एक आंधळी बाई आणि पायाने अधू असलेला एक माणूस त्याच्याजवळ बसले होते. त्याने मला लगेच ओळखलं.

"बाई! एवढ्या लांब?"

"आजोबा?" मी विचारलं.

"गेलं. गेल्या पावसाळ्यात. लई त्रास न्हाई झाला. निजल्यालं, उठलं न्हाईत." मग म्हणाला, "शेवटी शेवटी मलाच पोरगा म्हनायचं. मीबी व्हय म्हनायचो."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. बरोबर आणलेली खाण्याची पिशवी हातातच होती. मग मी ते म्हटलं, जे त्या दिवशी म्हणायला हवं होतं. "माझ्याबरोबर चला. वाळपईला घर आहे. मागे खोली आहे. मी नवऱ्याला विचारून आले आहे."

तो हसला. खरंच हसला, टोमणा नव्हता त्यात. "आता कशाला बाई? ह्या आंधळीला रस्ता वलांडून न्यायला मी लागतो. ह्याला पानी आनून द्यायला ती लागती. मी गेलो तर ह्यांचं कसं व्हायचं?"

मी खाली बसले. पिशवी उघडली. त्या आंधळ्या बाईने हात पुढे केला आणि चाचपून एक पोळी घेतली, मोडली, आणि पहिला घास त्याच्या तोंडात घातला. मग दुसरा. माझी परतीची बस सुटायला तासभर होता. तोवर मी तिथेच बसून राहिले.