देव्हाऱ्यातली नळी

चांदीची वस्तू सापडली की ती देवाची, हा माझ्या आईचा साधा नियम. त्यामुळे लालबागच्या आमच्या घरी बाळकृष्णाच्या शेजारी वीस-बावीस वर्षं एक चांदीची वस्तू बसून होती आणि तिचं काम काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. करंगळीएवढी वाकडी नळी. तिच्या तोंडाशी चपटी पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना भोकं. नळीच्या आत दुसरी नळी, आणि दोन्ही नळ्यांच्या पाठीवर एकमेकांशी जुळणारं आणखी एक भोक. आई म्हणायची, अभिषेकाची आहे. महाशिवरात्रीला ती त्यातून पिंडीवर धार धरायची आणि निम्मं पाणी पाठीवरच्या भोकातून तिच्याच पदरावर सांडायचं. शेजारच्या काकूंच्या मते ते जुन्या काळचं बोंडलं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं. सोनाराने चांदी खरी असल्याचं सांगितलं आणि बाकीचं देवाला विचारा म्हणाला. मी आईला भरपूर चिडवायचे, पण उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

ती वस्तू आजोबांच्या पेटीतून आली होती. आजोबा म्हणजे बाबांचे वडील, आयुष्यभर गिरणीत साच्यावर काम केलेले. आजी आधीच गेलेली. बाबांनी त्यांना न विचारता लग्न केलं आणि आईच्या माहेरी माहीमला राहायला गेले, तेव्हापासून बापलेकांत अबोला. मग आजोबा लालबागच्या खोलीला कुलूप लावून मालवणकडे गावी निघून गेले, विधवा बहिणीजवळ. बाबा एकदाच त्यांना भेटायला गेले आणि मिळेल त्या एसटीने उलटे फिरले. 'बाप माझ्याशी बोलला नाही', यापलीकडे त्या भेटीबद्दल ते कधी काही सांगायचे नाहीत. दोन महिन्यांत आजोबा वारल्याचं कळलं, आणि गावच्या कुणीतरी त्यांची पेटी आणि खोलीची किल्ली आणून दिली. आई-बाबा लालबागला राहायला आले, पण पेटी बाबांनी न उघडता माळ्यावर टाकली. गावाशी संबंधच तोडला.

पुढे कितीतरी वर्षांनी घराला रंग काढताना आईने पेटी उघडली. दोन लेंगे, चष्मा, आणि फडक्यात गुंडाळलेली ही नळी. पट्टीच्या भोकांत काळ्या पडलेल्या नाड्या ओवलेल्या होत्या, त्या तिने कापून फेकल्या आणि नळी चिंचेने लख्ख घासून देवात ठेवली. बाबांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

गेल्या वर्षी बाबांचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, आणि आम्ही डॉक्टरकडे जाईपर्यंत त्यांना श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली होती. परळच्या हॉस्पिटलात दाखल केलं. घशात गाठ होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हवा जायला फार थोडी जागा उरली आहे. आधी गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवायची, मग गाठीवरचे उपचार. "आज दुपारपर्यंत सही द्या. श्वास कधी अडकेल, आम्हाला सांगता येणार नाही."

बाबांनी एकच विचारलं, "आवाज?"

"भोक पाडल्यावर लगेच बोलता येणार नाही."

"मग नको."

मी आधी गोडीत सांगितलं, मग रागावून. मी तापट आहे आणि तो तापटपणा बाबांकडूनच आलाय. ते शिट्टीतून एकेक शब्द काढत म्हणाले, "आमच्या घरात एक न बोलणारा झाला. पुरे. दुसरा नको." मी म्हटलं, "मग मरा हट्टाने." असं म्हणून मी पर्स उचलली आणि वॉर्डच्या बाहेर आले. बाहेर येऊन भिंतीला टेकले. आतून त्यांची शिट्टी ऐकू येत होती. ती थांबेल की काय या भीतीने मला जिन्यापर्यंतही जाववेना.

वॉर्डच्या वयस्क सिस्टर बाहेर आल्या. नातेवाईक हबकले की त्या बहुधा हेच करत असाव्यात. त्यांनी खिशातून पाकीटबंद प्लास्टिकची नळी काढून माझ्या हातात दिली. "बघा, एवढीशी असते. भिण्यासारखं काय आहे?"

वाकडी नळी. तोंडाशी चपटी पट्टी. पट्टीच्या दोन्ही टोकांना भोकं.

"ह्या भोकांतून काय घालतात?" मी विचारलं.

"नाडी. मागे मानेवर बांधायची, म्हणजे खोकल्यावर उडत नाही."

मी त्यांना म्हटलं, "मला अर्धा तास द्या. त्यांच्याजवळ कुणीतरी थांबा." आणि टॅक्सी केली. परळ ते लालबाग अंतर ते काय, पण रस्ता खणलेला, आणि प्रत्येक सिग्नलला मी फोनकडे बघत होते. फोन वाजू नये म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाची विनवणी केली.

आई जप करत बसली होती. मी देव्हाऱ्यात हात घातला तशी तिने माझं मनगट धरलं. "देवाची वस्तू हॉस्पिटलात नेतेस? आंघोळ तरी केलीस का?"

"आई, ती देवाची नाही. सोड."

माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तिने हात सोडला. मग हळूच म्हणाली, "त्यांचं बरं आहे ना?" मी हो म्हटलं. मला तरी कुठे माहीत होतं.

परत आले तेव्हा शिट्टी चालू होती. मी कुणालाही न विचारता रुमाल सोडून नळी सिस्टरांच्या पुढे धरली. त्यांनी ती हातमोज्यात घेतली, आतली नळी ओढून बाहेर काढली, पुन्हा बसवली. त्यांचा हात तिच्यावर सराईतपणे फिरला.

"गळ्याचीच आहे. मी नवीन लागले तेव्हा पाहिल्यात अशा. बाहेरची जागेवर राहते, आतली काढून धुवायची." मग नळी उजेडाकडे धरून, "कुंकू कोणी लावलंय हिला?"

मी म्हटलं, "आणि हे पाठीवरचं भोक?"

"ते बोलण्यासाठी. पुढून बोटाने नळीचं तोंड बंद करायचं, की हवा ह्या भोकातून वर जाते. मग आवाज निघतो. बोट लावल्याशिवाय मात्र एक अक्षर नाही."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मला बाबांना हरवायला मुद्दा मिळाला होता. मी पलंगाकडे वळले. "ऐकलंत ना? ही आजोबांच्या पेटीतली. म्हणजे आजोबांनाही हेच झालं होतं. नळी असून बोलता येतं, बाबा."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते सिस्टरांच्या हातातल्या नळीकडे बघत होते. त्यांनी पुन्हा दाखवा अशी खूण केली, आणि सिस्टरांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. बाबांची शिट्टी एकदम वाढली. सिस्टर पुढे झाल्या, पण बाबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"बाप पडवीत बसला होता," ते म्हणाले. एकेका वाक्यासाठी त्यांना श्वास गोळा करावा लागत होता. "गळ्याला पंचा. मी म्हटलं, मी आलोय. तो उठला. माझ्याकडे बघितलं. आणि हात गळ्याशी नेला. पंच्याखाली." त्यांनी आपला हात तसाच गळ्याशी नेला. "मला वाटलं, गळ्याची शपथ घेतोय. तुझ्याशी बोलणार नाही म्हणून."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"मी पिशवी उचलली. निघालो. मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

चाळीस वर्षं या माणसाने बापाचं श्राद्ध केलं नव्हतं. मला रडू फुटलं. बाबांचे डोळे कोरडे होते. सिस्टरांनी नळी माझ्या रुमालात ठेवली आणि कुणी काही म्हणायच्या आत बाबांनी हात पुढे करून कागद मागितला. सही वाकडीतिकडी आली.

"बोट," त्यांनी सिस्टरांना विचारलं, "मला कधी लावायला देणार?"

"पहिली नळी बदलली की. आठ-दहा दिवस धरा."

बाबांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं होतं. "मी गळ्याकडे हात नेला ना," ते म्हणाले, "की थांब गो जरा. मला वेळ लागेल. निघून जाऊ नकोस."