तक्त्यामागची भिंत

त्या भिंतीखाली दर रविवारी अकरा मुलं बसायची आणि त्यांना तिथे मी बसवलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे माझ्या ट्रंकेचं आणि तक्त्याचं वर्णन करताना माझा सूर लागेल आणि हे सांगायचं राहून जाईल. स्वतःच्या कौतुकात रमायची माझी खोड जुनी आहे.

ऐंशीच्या दशकात नवऱ्याच्या बदलीमुळे मी साताऱ्याहून म्हैसूरला आले. कुवेंपुनगरात घर मिळालं. शेजारीपाजारी सगळे कन्नड, नवरा दिवसभर ऑफिसात, आणि माझ्याजवळ मराठीची एम.ए.ची पदवी, जिचा तिथे भाजी आणायलासुद्धा उपयोग नव्हता. देवराज मोहल्ल्यातल्या एका शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकायला गेले, तेव्हा दुकानातल्या म्हाताऱ्याने मापाचा ब्लाउज उलगडता उलगडता माझ्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं, विठ्ठलाला मानणारं ते घर. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड होती, पण मला त्या दिवशी ती साखरेहून गोड लागली.

"आमची पोरं कन्नडच बोलत्यात बघा मॅडम," ते म्हणाले. "मराठी बरोबर बोलतो का चूक, ते आम्हालाच गोत्तिल्ला, काय ठाऊक नाय. तुम्ही रविवारी वाईच शिकवा की. मागची खोली सुम्ने, उगाच रिकामी पडलीय."

पुढे दुकान, मधे नळाचा चौक, चौकाच्या मागे ती खोली आणि दुकानाच्या माडीवर त्यांचं बिऱ्हाड. खोलीत पूर्वी कापडाचे गठ्ठे ठेवत. एका बाजूला मोडकी शिलाई मशिनं आणि इस्त्रीचं टेबल पडलेलं, म्हणून मुलांची सतरंजी मी दुसऱ्या बाजूला, भिंतीलगत टाकली. भिंत जुन्या विटांची, शेजारच्या जागेला लागून होती.

शिकवायला पुस्तकं नव्हती, मग साहित्य मीच तयार केलं. पत्र्याच्या एका ट्रंकेत पन्नास काड्यापेट्या होत्या. प्रत्येकीत वीस-वीस शब्दांच्या चिठ्ठ्या. डोळे मिटून पेटी उचलायची आणि त्या शब्दांतून चार ओळी रचायच्या. चिंध्यांची एक पिशवी होती. आत हात घालायचा आणि मखमल, खादी, गोणपाट हाताला कसं लागतं ते कापडाचं नाव न घेता सांगायचं. म्हाताऱ्यांनी बरणीभर बटणं दिली होती, त्यांवर मी लघु-गुरू शिकवत असे. शर्टाचं बटण लघु, कोटाचं बटण गुरू. मुलं सतरंजीवर बटणं मांडून वृत्त ओळखायची. अजूनही मला वाटतं की याहून चांगलं साधन कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात कुणी काढलं नसेल.

आणि तक्ता. अस्तराच्या पांढऱ्या कापडावर रंगाने काढलेला, पुरुषभर उंच. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, प्रत्येकापुढे उदाहरण. तो कुठे टांगायचा हा प्रश्नच नव्हता. सतरंजीमागच्या भिंतीचे पोपडे उडाले होते आणि वरून खाली केसासारखी एक भेग गेली होती. दिसायला बरं नव्हतं, म्हणून तक्ता मी त्या भेगेवर टांगला.

गणपती झाल्यावर मी मुलांना 'एक वस्तू, एक महिना' ही वही करायला सांगितली. एकच वस्तू निवडायची, रोज बघायची आणि रोज एकच ओळ लिहायची. नियम तीन होते. पहिला, जे दिसतं तेच लिहायचं. दुसरा, एकही दिवस चुकवायचा नाही. तिसरा नियम माझा लाडका होता. वहीतली गोष्ट मला सोडून कुणाला सांगायची नाही, आईला नाही, मैत्रिणीला नाही. "बोललं की शब्द शिळा होतो," मी बोट नाचवून सांगितलं. मुलांना गुपितं आवडतातच. कुणी तुळस घेतली, कुणी शेजारची म्हैस, कुणी बापाची सायकल. शिंप्यांच्या नातीने भिंत घेतली.

ती दहा वर्षांची होती. फार बोलायची नाही, पण सांगितलेलं अक्षरशः करायची. खोलीची किल्ली तिच्याकडे असे. शाळेतून आली की रोज ती कुलूप काढून आत जायची आणि तक्ता बाजूला सारून बघायची. मागच्या खोलीकडे एरवी कुणी फिरकत नसे, त्यातून दसरा तोंडावर आलेला. दसऱ्याआधीच्या महिन्यात म्हैसूरच्या शिंप्याला जेवायलाही उसंत नसते.

त्याच आठवड्यात शेजारच्या जागेत खणायला सुरुवात झाली होती. तिथलं जुनं घर पाडून दुकानांची इमारत व्हायची होती आणि खाली तळघर. रविवारीसुद्धा काम चाले. धप्प, धप्प आवाज यायचा आणि सतरंजीवरची बटणं थोडी थोडी सरकायची. मी मुलांना म्हटलं, "फुकटचा तबलजी मिळालाय, या ठेक्यावर ओळी म्हणा." मुलं हसत हसत म्हणू लागली.

पहिल्या रविवारी तिने वही दाखवली. 'बिरुकुत सुई जाते.' 'सुई आत राहते, पडत नाही.' मी 'बिरुकु' खोडून वर 'भेग' लिहिलं आणि खाली 'छान'. दुसऱ्या रविवारी लिहिलं होतं, 'शर्टाचं बटण जातं.' 'आतून गार वारा येतो.'

माझ्या अंगावर काटा आला, पण चुकीच्या कारणाने. घरी जाऊन मी चहा टाकता टाकता नवऱ्याला सांगितलं, "ही मुलगी भिंतीचं निमित्त करून दोन भाषांमधल्या भेगेबद्दल लिहितेय. घरातली मराठी आणि बाहेरची कन्नड, मधे ही सुई. दहा वर्षांची पोर!"

"कुठली भिंत म्हणतेस?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कविता कळत नाही," मी म्हटलं आणि विषय तिथेच संपला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

तिसऱ्या आठवड्यात कोटाचं बटण जाऊ लागलं, मग शिंप्याचा खडू. 'मुंग्या अंडी घेऊन निघाल्या.' 'आज तक्ता हलला. वारा नव्हता.' ही ओळ मी फळ्यावर लिहून सगळ्यांना दाखवली. बघा, एकही विशेषण नाही आणि तरी भीती वाटते की नाही? "वाटते," मुलं एका सुरात म्हणाली. ती मात्र तक्त्याकडे बघत होती. त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की ती सतरंजीच्या कडेकडेला सरकतेय. आधी भिंतीला टेकून बसायची, आता पार दारापाशी गेली होती. मी तिचा दंड धरून तिला जागेवर आणून बसवलं. "तुझी जागा इथे. कवीने आपल्या विषयाला पाठ दाखवू नये." ती बसली, पण पाठ टेकली नाही. तासभर ताठ बसून राहिली.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. वही छातीशी धरलेली. "मिस, अज्जांना सांगू का?"

मी ओठांवर बोट ठेवलं. "नियम तिसरा!" बाकीची मुलं खिदळली. तीही हसली, कारण सगळी हसत होती.

यानंतर वहीत तिचं बोट आलं, मग दोऱ्याचं रीळ, मग दोन बोटं. 'पलीकडचा माणूस खोकला. मला ऐकू आलं.' आणि दसऱ्याच्या दिवशीची ओळ होती, 'आज माझा हात मनगटापर्यंत आत जातो.' त्याखाली मी तांबड्या शाईने 'वा!' लिहिलं. शाई अजून फिकी पडलेली नाही. वही माझ्याकडेच आहे.

या सगळ्या दिवसांत म्हातारे मला एकदाच नीट भेटले. डोळे लाल, गळ्यात टेप, कानावर खडू. "तुमची नात काय लिहिते हो!" मी म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. "काय लिवती?" "ते गुपित. मुलांच्या वाचनाच्या कार्यक्रमात ऐका." "बरं, बरं," ते म्हणाले आणि पुन्हा मशिनवर वाकले. मी तेव्हा एक वाक्य सांगितलं असतं, कुठलंही एक, तर पुढचं झालं नसतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याचा मंत्र झालाय, आणि मंत्राने काही होत नाही.

कार्यक्रम दसऱ्यानंतरच्या रविवारी ठेवला. आधीचे दोन दिवस पाऊस लागला होता आणि शेजारच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. खणणं बंद होतं, त्यामुळे खोलीत नको इतकी शांतता वाटत होती. आईबाप मशिनांच्या बाजूला बसले, मुलं भिंतीलगत, तक्त्याखाली. तुळस झाली, म्हैस झाली, टाळ्या झाल्या. शेवटी मी तिला उभं केलं. हुकमी पत्ता शेवटीच काढायचा असतो.

ती वाचू लागली. तीस दिवसांच्या तीस ओळी, एकही स्वर वरखाली नाही. सुई. शर्टाचं बटण. कोटाचं बटण. मी आयांचे चेहरे बघत होते. त्या कौतुकाने माना डोलवत होत्या. मग माझं लक्ष म्हाताऱ्यांकडे गेलं. ते मान डोलवत नव्हते. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मांडीवर जवळजवळ धरली होती आणि प्रत्येक ओळीगणिक त्या दोन बोटांतलं अंतर किंचित वाढत होतं. खडू. रीळ. दोन बोटं. पन्नास वर्षं त्या वस्तू हाताळलेला माणूस होता तो. प्रत्येकीची जाडी त्याच्या हाताला पाठ होती.

'आज माझा हात...' ती वाचत होती, आणि ते उभे राहिले.

"एळी! उठा सगळी! होरगे, भायेर, बेग बेग!"

मला राग आला. खरंच राग आला. "आजोबा, थोडं राहिलंय. कविता पूर्ण तर होऊ द्या."

"कविता नाय मॅडम," ते म्हणाले. "माप हाय ते."

त्यांनी एकेका पोराला बखोटीला धरून उठवलं आणि चौकातून, दुकानातून बाहेर गल्लीत काढलं. दोन मिनिटांत खोली रिकामी झाली. आम्ही सगळे गल्लीत उभे राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काहीच झालं नाही. कुणीतरी हळूच हसलं. एका बाईने भाताला उशीर होतोय म्हणून मुलाला ओढलं. माझा कार्यक्रम उधळला गेला होता आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

"माझी ट्रंक आत राहिलीय," मी म्हणाले. शब्द एवढेच. सूर कसा होता ते मला माहीत आहे, आणि त्यांनाही कळला.

"मी आणतो मॅडम. तुम्ही नक्को." ते आत गेले.

आवाज फार मोठा झाला नाही. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा झाला. मग दुकानाच्या दारातून तांबूस धूळ संथपणे बाहेर आली आणि आमच्या चपलांवर बसली.

लोकांनी विटा उपसून त्यांना बाहेर काढलं. ते दारापर्यंत जवळजवळ पोचले होते. जीव वाचला. उजवा हात ट्रंकेच्या कडीसकट विटांखाली सापडला होता. पुढे हात राहिला, पण बोटं मिटेनात, आणि त्या हाताने त्यांनी पुन्हा कात्री धरली नाही. मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मी दुकानात गेले तर डाव्या हाताने स्टूल पुढे सारायचे. बोलले असते तर बरं झालं असतं. मुलांची मराठी तिथेच थांबली. पुढे कुणी मला बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी बाकावर बसले होते. घरची माणसं आत होती. ती आली आणि माझ्या शेजारी बसली. अज्जांनी कार्यक्रमासाठी शिवलेला पिवळा फ्रॉक तिच्या अंगावर होता, केसांत धूळ होती आणि हातात वही. तिने वहीवरची धूळ हाताने पुसली. मग तिने विचारलं, "मिस, आता सांगितलं तर चालतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "ती भिंत पडणार हाय."