निरसं दूध

माझ्या पोटात आईचं मूत्रपिंड आहे. ते बसवून वर्ष व्हायच्या आत मला रोज संध्याकाळी ताप भरू लागला. घामाने अंथरूण भिजायचं, कंबर धरायची. पुण्याच्या रुग्णालयात तपासण्यांवर तपासण्या झाल्या, पण जंतू काही सापडेना. असंच चाललं तर मूत्रपिंड हातचं जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मी देवावर खरोखर रुसलो. आईने एवढं काढून दिलं, तेही तुला बघवेना का, असं मनातल्या मनात त्याला सुनावलं.

डॉक्टरीणबाई चिकाटीच्या. घरी जनावरं आहेत का, कच्चं दूध पिता का, हे पुन्हा पुन्हा विचारायच्या. गाय आहे, पण खळखळ उकळल्याशिवाय आई कुणाला दूध देत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. आणि ते खरंच होतं.

सोमवारी आई हिर्डोशीहून एसटीने आली. औषधाच्या जुन्या बाटलीत महादेवाचं तीर्थ आणलं होतं. ती माझ्या ओंजळीत ओतणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. त्या वेळी त्या एरवी कधीच येत नसत.

"मावशी, हे दूध आहे?"

"दूध न्हाई वो, तीर्थ हाय. पिंडीवरचं. दर सोमवारी देती त्याला."

"उकळलेलं?"

"देवाला उकळून व्हय? निरसंच लागतं."

निरसं म्हणजे न तापवलेलं, हे मीच बाईंना समजावलं, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, हे तर आमच्या गायीचं कच्चं दूध. आम्ही मायलेकांनी त्याला कधी दूध मानलंच नव्हतं.

बाईंनी प्रयोगशाळेला कळवलं, माझ्या रक्ताचे नमुने आणखी काही दिवस ठेवायला सांगितले. ब्रुसेला नावाचा, गुरांच्या दुधातून येणारा, सावकाश वाढणारा जंतू त्यात निघाला. औषधं बरीच लांबली, पण ताप उतरला आणि मूत्रपिंड वाचलं.

आई मात्र खचली. "म्याच पाजलं की रं," म्हणून रडायची. मी म्हणायचो, "अगं, तू ते घेऊन आली नसतीस तर कुणाला कळलं असतं?" तिची समजूत घालता घालता माझाच रुसवा गेला.

घरी आल्यावर पहिल्या सोमवारी ती चुलीपुढे दूध उकळत बसली होती. निवल्यावर तिने तांब्या देवासाठी भरला, वाटी माझ्यापुढे ठेवली.

"देवाला उकळलेलं चालेल का गं?" मी चिडवलं.

"इचारलं म्या त्याला. लेकरू जे पितंय तेच मलाबी आन, म्हनला."

तो कधी म्हणाला, कसा म्हणाला, मी काही विचारलं नाही. हात जोडले आणि वाटी तोंडाला लावली.