लाल्या

दुकानात आली की ती आधी पदराची गाठ सोडायची. काउंटरवर पान, बोंड, कधी किडकी शेंग ठेवायची आणि म्हणायची, "पाह्यल्याबिगर सांगू नका, भाऊ." एकदा गाठीतून जिवंत अळी निघाली आणि सरळ माझ्या मनगटावर चढली. मी खुर्चीसकट मागं सरकलो. "अळीचं औषध इकता अन् अळीले भेता?" असं म्हणून ती पोट धरून हसली.

मावल्याला माझं खतं-औषधांचं दुकान आहे. ती भीमपूरकडून बसनं यायची. आमच्याकडे जिकडेतिकडे कापूस, पण तिच्या वावरात कपाशीला लागून संत्र्याची साठेक झाडं होती. नवऱ्यानं लावलेली. तो गेल्यावर तिनं घागरीनं पाणी घालून ती जगवली. झाडांचा विषय निघाला की चेहरा उजळणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती त्यांतली होती.

त्या भादव्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कपाशीची पानं लाल पडत होती आणि जो तो 'लाल्या, लाल्या' करत होता. गर्दीतून तिचाही आवाज आला, "भाऊ, लाल्या आला." मी कपाशीच्या लाल्यावरचं मॅग्नेशियमचं पाकीट पुढं केलं. ती गाठ सोडायला लागली.

"पाहा तं खरं."

"माय, सकाळपासून लाल्याच पाहून राह्यलो. ने अन् फवार."

मागची माणसं हसली. मीही हसलो. अर्धी सुटलेली गाठ पुन्हा आवळून ती पाकीट घेऊन गेली.

दिवाळीनंतर आली तेव्हा तिनं काउंटरवर एक संत्रं ठेवलं. अर्धी साल तपकिरी, खरखरीत. संत्र्यावरच्या कोळी किडीलाही लाल्याच म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. डोळ्यांना धड न दिसणारी ती कीड सालीतला रस शोषते. वेळेवर गंधक फवारलं असतं तर फळ वाचलं असतं. भिंग माझ्या ड्रॉवरमध्येच होतं. संत्री घ्यायला आलेला व्यापारी साल पाहूनच परत गेला होता.

"आतून गोडच हाये. खाऊन पाहा."

मी खाल्लं. गोडच होतं. 'माझं चुकलं' म्हणायचं सोडून उलट मी म्हणालो, "औंदा हवाच खराब होती, माय." तिनं मान हलवली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या भादव्यात ती आली. "लाल्या आला, भाऊ." मी हातातलं गिऱ्हाईक सोडलं, भिंग काढलं. "दाखव, माय. सोड गाठ."

"काऊन? कपाशीचा हाये. झाडं काहाडली ना उन्हाळ्यात. आता सारी कपाशीच."

तिच्या पदराला गाठ नव्हती. मॅग्नेशियमचं पाकीट तिनं स्वतःच उचललं.

त्यानंतर ती आली नाही. त्या दिवशी मात्र तिनं नेलेलं औषध अगदी बरोबर होतं.