छंद : संगीत

बायोडेटात बाबांनी ‘छंद : संगीत’ एवढंच लिहिलं होतं. त्यामुळे मनवेलपाड्यातल्या आमच्या घरी मला बघायला आलेल्या मुलाची आई पोहे संपवून म्हणाली, “एखादं गाणं म्हण की गं.”

“गात नाही, वाजवते,” मी म्हटलं. त्यांना पेटी वाटली असणार. मी कपाटामागची इलेक्ट्रिक गिटार काढली आणि टीव्हीची पिन उपटून तिथे ॲम्प्लिफायर लावला. ऑफिसात आठवडाभर साहेबांपुढे मान खाली घालून टायपिंग केल्यावर मी याच आवाजाने माणसात यायचे. तो पाहुण्यांसाठी का दाबायचा? पहिल्याच फटक्याला शोकेसमधले कप किणकिणले. माझ्या आईने स्वयंपाकघरातून आवाज कमी करायची खूण केली. मी वाढवला.

निघताना मुलाची आई गोड आवाजात म्हणाली, “लग्नानंतर हे सोडावं लागेल हं.”

“काय, नोकरी?”

“छे, नोकरी कशाला सोडतेस? पगार हवाच की. हे वाजवणं सोड.”

मुलगा खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत राहिला.

बघायला आलेल्यांनी ‘नंतर कळवतो’ म्हणून जायची आपल्याकडे रीत. मी त्यांना दारातच कळवून टाकलं.